मुलांच्या फोनवरचा पहारा : अमिरातीतील पालक-नियंत्रण सॉफ्टवेअर, कायदा आणि निवड

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२६ पासून मुलांच्या डिजिटल सुरक्षेसंबंधीचा नवा संघीय कायदा लागू झाला. २०२५ चा संघीय आदेश-कायदा क्रमांक २६ हा तो कायदा. समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ आणि इंटरनेट पुरवठादार यांच्यावर तर तो बंधने घालतोच. शिवाय मुलांचा सांभाळ करणाऱ्यांच्या जबाबदाऱ्याही तो शब्दबद्ध करतो. मुलांच्या डिजिटल वावरावर लक्ष ठेवणे, उपलब्ध नियंत्रण-साधने वापरणे, वयाला न साजणारी खाती त्यांना उघडून न देणे या गोष्टी आजवर घरगुती शहाणपणात मोडत असत. आता त्यांना कायद्याचा आधार मिळाला आहे. साहजिकच पालक-नियंत्रण सॉफ्टवेअर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘पेरेंटल कंट्रोल’, या उत्पादनाकडे इथल्या मराठी कुटुंबांचे लक्ष नव्याने वळले आहे.

हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि त्या साऱ्या पालकांना निश्चिंतपणाचे आश्वासन देतात. तथापि एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी भिन्न गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे कुंपण : कोणती संकेतस्थळे उघडावीत, कोणते ॲप किती वेळ चालावे, रात्री फोन केव्हा बंद व्हावा, याची मुलाला ठाऊक असलेली मर्यादा. दुसरी म्हणजे हेरगिरी : मुलाचे संदेश, छायाचित्रे आणि हालचाली त्याच्या नकळत टिपून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणे. पहिली गोष्ट बहुतेक घरांना उपयोगी पडते. दुसरी मुलाचा विश्वास तर गमावतेच, शिवाय त्याची माहितीही परक्याच्या हाती सोपवते. हा फरक ओळखता यावा, यासाठी या उद्योगाचा, कायद्याचा आणि तंत्राचा हा परिचय.

कायद्याची पार्श्वभूमी

अमिरातीतील बालसंरक्षणाच्या कायद्याला एका बालिकेचे नाव आहे. आठ वर्षांच्या वदीमाचा २०१२ मध्ये घरातल्याच छळामुळे मृत्यू झाला. त्या घटनेने देश हादरला आणि पुढे बालहक्कांविषयीचा २०१६ चा संघीय कायदा क्रमांक ३ अस्तित्वात आला. तो ‘वदीमा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. मुलांविषयीचे अश्लील साहित्य आपल्या जाळ्यावर फिरताना आढळल्यास ते अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन दूरसंचार कंपन्या व इंटरनेट पुरवठादार यांच्यावर याच कायद्याने घातले.

तत्पूर्वी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाविरुद्धच्या ‘वुई प्रोटेक्ट’ या जागतिक उपक्रमाची परिषद अबू धाबीत भरली होती. २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने मुलांच्या डिजिटल सुरक्षेचा राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला. २ जानेवारी २०२२ पासून दोन महत्त्वाचे कायदे अमलात आले : अफवा व सायबर गुन्ह्यांविषयीचा २०२१ चा आदेश-कायदा क्रमांक ३४ आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीचा आदेश-कायदा क्रमांक ४५.

नव्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या स्पष्ट व पडताळता येण्याजोग्या संमतीवाचून गोळा करण्यास डिजिटल मंचांना मनाई आहे. अमिरातीतील वापरकर्त्यांना सेवा देणारे परदेशी मंचही त्याच्या कक्षेत येतात. देखरेखीसाठी कुटुंब मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बालकांच्या डिजिटल सुरक्षेची परिषद नेमण्याची तरतूद असून, कंपन्यांना आपली व्यवस्था कायद्याला अनुरूप करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली आहे.

मुदतीनंतर भारतात परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी एक तुलना ध्यानात ठेवावी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘मूल’ म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. त्या वयापर्यंत पालकांची पडताळलेली संमती तिथे अपेक्षित आहे आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास कंपन्यांना मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

देशाची जाळी आणि तिची छिद्रे

अमिरातीत नव्याने आलेल्या पालकांचा एक समज असतो : इथे इंटरनेटवर मुळातच निर्बंध आहेत, तेव्हा मुलांची काळजी नको. तो अर्धाच खरा आहे. दूरसंचार व डिजिटल शासन नियामक प्राधिकरणाच्या धोरणानुसार अश्लील साहित्य, जुगार, फसवणूक अशा ठरावीक वर्गांतील संकेतस्थळे ‘एतिसलात’ (आताची ‘ई अँड’) आणि ‘डू’ या दोन्ही कंपन्या आपल्या जाळ्यावर रोखतात.

परंतु ही जाळी संकेतस्थळे ओळखते, संभाषणे ओळखत नाही. एखाद्या खेळात अनोळखी माणसाने मुलाशी केलेली सलगी, शाळेच्या गटात फिरणारे वर्गमित्राचे विद्रूप केलेले छायाचित्र, पहाटेपर्यंत सरकत राहणारे छोटे व्हिडिओ, हे सारे परवानगी असलेल्या ॲपच्या आत आणि कूटबद्ध स्वरूपात घडते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘रोब्लॉक्स’ या मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेल्या खेळ-मंचाने अमिरातीतील आपली संवाद-सुविधा तात्पुरती बंद केली. मंच अडवलेला नव्हता. धोका त्याच्या आतल्या गप्पांत होता. पालक-नियंत्रण सॉफ्टवेअरची गरज देशाची जाळी संपते तिथून सुरू होते.

सॉफ्टवेअर काम कसे करते

नियंत्रणाचे चार थर असतात. ते नीट समजले तर अनेकदा पैसे खर्चण्याची गरजच उरत नाही.

पहिला थर घरच्या राउटरचा. संकेतस्थळाचे नाव विचारले जाताच त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. कुटुंबांसाठी चाळलेली डीएनएस सेवा राउटरवर बसवली की घरातल्या सर्व उपकरणांवर नको त्या वर्गातली स्थळे उघडत नाहीत. ‘क्लाउडफ्लेअर’ने २०२० पासून अशी सेवा विनामूल्य उपलब्ध केली आहे. तिची मर्यादा उघड आहे : मूल वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेले की हा थर संपला.

दुसरा थर उपकरणाच्या मूळ प्रणालीचा. ‘गूगल’चे ‘फॅमिली लिंक’ २०१७ मध्ये आणि ‘ॲपल’चे ‘स्क्रीन टाइम’ २०१८ मध्ये आले. वेळेची मर्यादा, ॲप उतरवण्यापूर्वी पालकांची परवानगी, खरेदीवर बंधन, वयानुसार आशय, या गोष्टी या दोन्हींत विनामूल्य मिळतात. संगणकासाठी ‘मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी’ आहे.

तिसरा थर प्रत्येक मंचाच्या आतल्या मांडणीचा. ‘यूट्यूब किड्स’ २०१५ पासून आहे. ‘इन्स्टाग्राम’ने २०२४ मध्ये किशोरांसाठी स्वतंत्र खाती आणली. खेळांमध्ये अनोळखी व्यक्तींशी गप्पा बंद करण्याची सोय असते. हा थर सर्वांत दुर्लक्षित आहे आणि संभाषणातल्या धोक्यांवर नेमका हाच उपयोगी पडतो.

चौथा थर स्वतंत्र कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचा. इतर ॲपांवर लक्ष ठेवण्यासाठी त्यांना असाधारण अधिकार लागतात. अँड्रॉइडवर दृष्टिहीनांच्या सोयीसाठी निर्माण केलेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ परवानगी घेऊन पडद्यावरचा मजकूर वाचता येतो. फोनच्या आतच एक व्हीपीएन उभारून सारी वाहतूक चाळता येते. घातक सॉफ्टवेअरही नेमके हेच अधिकार मागते. घराची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, याचा जितका विचार आपण करतो, तितकाच इथेही करावा लागतो.

एका उद्योगाची वाटचाल

या उद्योगाचा जन्म १९९० च्या दशकाच्या मध्यात उत्तर अमेरिकेत झाला. ‘नेट नॅनी’, ‘सर्फवॉच’, ‘सायबर पेट्रोल’ ही त्या पिढीतली नावे. त्यांना अनपेक्षित बळ मिळाले ते न्यायालयातून. इंटरनेटवरील असभ्य मजकुरावर सरसकट बंदी घालणाऱ्या अमेरिकी कायद्यातील तरतुदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७ मध्ये रद्द ठरवल्या. प्रौढांच्या अभिव्यक्तीवर घाला न घालता पालकांना घरीच वापरता येईल असे सॉफ्टवेअर हा त्या विवेचनातला एक मुद्दा होता. शासनाने करावयाचे नियंत्रण अशा रीतीने पालकांच्या आणि त्यांना साधन विकणाऱ्या कंपन्यांच्या हाती आले.

स्मार्टफोन आल्यावर दुसरी पिढी उभी राहिली. बार्सिलोनातील ‘कुस्टोडिओ’ २०१२ मध्ये स्थापन झाली. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘फॅमिली झोन’ने ती विकत घेतली आणि तो समूह आता ‘कोरिया’ या नावाने वावरतो (या नावाचा कोरिया देशाशी संबंध नाही). रशियन मूळ असलेल्या आणि दुबईत प्रादेशिक कार्यालय असलेल्या ‘कॅस्परस्की’ने ‘सेफ किड्स’ आणले. या कंपनीच्या उत्पादनांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून बंदी घातली. अमेरिकेतील ‘बार्क’ ही कंपनी संदेशांचे आपोआप विश्लेषण करून केवळ धोक्याच्या वेळी पालकांना इशारा देते. मात्र तिची सेवा मोजक्याच देशांपुरती आहे.

२०१९ मध्ये या उद्योगावर मोठे संकट आले. आयफोनवरील अनेक पालक-नियंत्रण ॲप ‘ॲपल’ने आपल्या दुकानातून हटवली किंवा त्यांची कार्ये छाटावयास लावली. ही ॲप कार्यालयीन उपकरणांसाठी असलेले व्यवस्थापन-तंत्र वापरतात आणि त्यातून मुलांची माहिती धोक्यात येते, असे ‘ॲपल’चे म्हणणे होते. ‘स्क्रीन टाइम’ला स्पर्धा नको म्हणून हे चालले आहे, असा कंपन्यांचा आक्षेप होता. ‘कॅस्परस्की’च्या तक्रारीवरून रशियाच्या स्पर्धा-नियामकाने २०२० मध्ये ‘ॲपल’विरुद्ध निर्णय दिला आणि पुढील वर्षी सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. २०२१ मध्ये ‘ॲपल’ने बाहेरच्या कंपन्यांसाठी मर्यादित पण अधिकृत मार्ग खुला केला. या वादाचा आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने निष्कर्ष असा : आयफोनवर बाहेरच्या ॲपला दुसऱ्या ॲपमधले संदेश अधिकृतपणे वाचता येत नाहीत. तसा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे संशयाने पाहावे.

पुण्याचा धागा

या क्षेत्रात मराठी माणसांची एक ठळक कंपनी आहे, आणि अमिरातीशीही तिचा संबंध आलेला आहे. मूळच्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी शालेय शिक्षणानंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केली. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू शोधणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने सुरू झालेला व्यवसाय २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची शेअर बाजारात नोंदणी झाली. जपान, अमेरिका, केनिया यांच्याबरोबर अमिरातीतही या कंपनीने उपकंपन्या नोंदवल्या होत्या.

पालक-नियंत्रण हे ‘क्विक हील’चे स्वतंत्र उत्पादन म्हणून आले नाही. ‘टोटल सिक्युरिटी’ या विषाणूरोधक संचातला तो एक कप्पा आहे. मुलाचे वेगळे खाते करून संकेतस्थळांचे वर्ग रोखणे, ठरावीक प्रोग्राम बंद करणे, संगणक व इंटरनेट वापराचे वेळापत्रक आखणे अशी त्याची रचना. विषाणूरोधकाची वर्गणी भरणाऱ्या कित्येक घरांत हा कप्पा कधी उघडलाही जात नाही. मुलाच्या फोनसाठी स्वतंत्र वर्गणी घेण्यापूर्वी घरातल्या संगणकावर आधीच काय आहे, हे पाहावे, एवढा साधा धडा यातून मिळतो.

याच कंपनीच्या प्रतिष्ठानाने महाराष्ट्रात ‘सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा’ हा उपक्रम चालवला असून, त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन मुलांना सायबर धोक्यांची ओळख करून देतात. कुलूप विकणाऱ्यालाही शिकवण्याची गरज वाटते, ही गोष्ट बोलकी आहे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

मुलांच्या रक्षणासाठी घेतलेल्या साधनानेच त्यांना उघड्यावर आणले, अशी उदाहरणे या उद्योगात थोडी नाहीत.

दक्षिण कोरियाने एप्रिल २०१५ मध्ये १९ वर्षांखालील मुलांच्या फोनवर नियंत्रण-ॲप अनिवार्य केले. शासनाच्या पाठबळाने बनलेल्या ‘स्मार्ट शेरीफ’ या ॲपची टोरंटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ने तपासणी केली, तेव्हा त्यात २६ सुरक्षा-दोष आढळले. मुलांची माहिती चोरता येईल, इतकेच काय त्यांच्या फोनवर ताबाही मिळवता येईल, अशी अवस्था होती. त्याच वर्षी ते ॲप बाजारातून मागे घ्यावे लागले.

मे २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘टीनसेफ’ या कंपनीचे सर्व्हर कोणत्याही पासवर्डविना उघडे असल्याचे निष्पन्न झाले. पालकांचे ईमेल, मुलांचे ‘ॲपल’ खाते आणि त्या खात्यांचे पासवर्ड साध्या अक्षरांत तिथे होते. हे ॲप वापरण्यासाठी मुलाच्या खात्यावरील दुहेरी पडताळणी बंद ठेवावी लागत असे. म्हणजे ज्याच्या हाती पासवर्ड लागला त्याला दार सताड उघडेच.

‘रेटिना-एक्स’ या कंपनीच्या तीन पाळत-ॲपांवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कारवाई केली. मुलांवर आणि कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून विकली जाणारी ही ॲप प्रत्यक्षात कोण कोणावर वापरतो, याची खातरजमा कंपनी करत नव्हती, आणि तिच्या साठवणीत दोनदा घुसखोरी झाली होती.

या वेचक घटना अपवादात्मक असतील, असे म्हणावे तर २०२० मध्ये माद्रिदच्या ‘इम्डिया नेटवर्क्स’ संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने झालेला अभ्यास समोर येतो. त्यांनी अँड्रॉइडवरील ४६ पालक-नियंत्रण ॲप तपासली. त्यांपैकी ७२ टक्के ॲप जाहिरात व विश्लेषण कंपन्यांसारख्या त्रयस्थांना माहिती देत होती आणि आपल्या गोपनीयता-धोरणात त्या त्रयस्थांचा उल्लेखही करत नव्हती.

मुलांची बाजू

दुसरी किंमत पैशांत किंवा माहितीच्या गळतीत मोजता येत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये ७५ ॲपांच्या सोयींचे वर्गीकरण केले. त्यांतल्या ८९ टक्के सोयी पालकांनी नियंत्रण करण्यासाठी होत्या. मुलाला स्वतःवर ताबा ठेवण्यास मदत करणाऱ्या केवळ ११ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच गटाने मुलांनी स्वतः ॲप-दुकानात लिहिलेल्या ७३६ अभिप्रायांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश अभिप्रायांत ॲपला एकच तारा मिळाला होता. आपल्यावर विश्वास नाही, आपले खासगी आयुष्य हिरावले गेले, आई-वडिलांशी असलेले नाते बिघडले, असा त्या तक्रारींचा रोख होता. जिथे मुलांनी समाधान व्यक्त केले, तिथे ॲपमुळे स्वतःच्या सवयींना आळा बसल्याचे किंवा सुरक्षित वाटल्याचे कारण होते.

परदेशातल्या घरात या गोष्टीचे वजन अधिक आहे. आजी-आजोबा, काका-मावशी, शेजारचे जाणते कोणी, ज्यांच्याकडे मूल आई-वडिलांना न सांगता मन मोकळे करू शकेल अशी माणसे इथे हाताशी नसतात. आई-वडिलांशी असलेला संवादच तुटला, तर धमकावणाऱ्या अनोळखी व्यक्तीविषयी ते कोणाला सांगणार? मूल वेळेवर बोलले तरच मोठी संकटे लहान असताना कळतात. चोरून वाचलेल्या संदेशांनी एखादी गोष्ट आज कळेल, परंतु पाळत उघड झाल्यावर उद्याची कळणार नाही.

अमिरातीतील घरांच्या खास अडचणी

व्हीपीएनचे छिद्र सर्वांत मोठे. अमिरातीत ‘व्हॉट्सॲप’वरून बोलता येत नसल्याने पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी व्हिडिओ-कॉल करण्यासाठी काही घरांत विनामूल्य व्हीपीएन ॲप उतरवलेली असतात. फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. नियंत्रण-सॉफ्टवेअर ज्या अंतर्गत व्हीपीएनवर अवलंबून असते, तो दुसरे ॲप सुरू होताच बाजूला पडतो. राउटरवरची चाळणीही ओलांडली जाते. मुले ही युक्ती मोठ्यांकडे पाहूनच शिकतात. शिवाय गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी खोटा इंटरनेट पत्ता वापरणे हा सायबर कायद्यानुसार गंभीर अपराध असून, त्याला किमान ५ लाख व कमाल २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. परवानगी असलेली संवाद-ॲप वापरणे आणि मुलाच्या उपकरणावर नवे ॲप पालकांच्या संमतीवाचून उतरणार नाही अशी मांडणी करणे, हे दोन उपाय एकत्र करावेत.

दुसरी अडचण खात्याच्या देशाची. ‘गूगल’च्या कुटुंब-गटातील सदस्य एकाच देशात असणे अपेक्षित असते, ‘ॲपल’मध्येही खरेदी वाटून घ्यायची तर साऱ्यांच्या खात्यांचा देश एक लागतो. वडिलांचे खाते भारताचे, आईचे अमिरातीचे आणि मुलाचे तिसऱ्याच देशाचे, अशी स्थिती बदलीच्या नोकरीत सहज उद्भवते. गट जोडण्यापूर्वी ही खाती एका देशावर आणावीत आणि मुलाची जन्मतारीख खरीच नोंदवावी. वय वाढवून उघडलेल्या खात्यावर वयानुसारचे कोणतेही संरक्षण लागू होत नाही.

तिसरी अडचण भाषेची. संदेशातील धोका ओळखणाऱ्या यंत्रणा प्रामुख्याने इंग्रजीवर घडवलेल्या असतात. रोमन लिपीत लिहिलेली मराठी, हिंदी आणि त्यात मिसळलेले अरबी शब्द, ही इथल्या शाळकरी मुलांची चॅटची भाषा अशा यंत्रणेच्या हातून निसटते. इशारा आला नाही म्हणजे सारे आलबेल, असे मानू नये.

चौथी बाब दुसऱ्यांच्या मुलांची. पाळत-सॉफ्टवेअर आपल्या मुलाचे संदेश टिपते, तेव्हा समोरच्या मुलाचे बोलणे आणि छायाचित्रेही टिपते. अमिरातीत दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग करणाऱ्या ध्वनिमुद्रण, छायाचित्रण वा प्रसारणास किमान सहा महिने कैद आणि दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षा सांगितली आहे. मुलाच्या फोनमधले स्क्रीनशॉट पालकांच्या गटात टाकण्यापूर्वी हे आठवावे. हीच गोष्ट मुलांनाही समजावून द्यावी, कारण वर्गमित्राचे छायाचित्र गंमत म्हणून पुढे पाठवणे इथे गंमत राहत नाही.

आणि उन्हाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदाने ओस पडतात, शाळा बंद असतात आणि पडदा हाच मुलांचा सोबती होतो. शाळेच्या दिवसांसाठी आखलेले वेळापत्रक या दोन महिन्यांत टिकत नाही. सुटीपूर्वीच मुलांबरोबर बसून ते बदलावे. रोज भांडून मुदत वाढवून दिली की नियमाला अर्थ उरत नाही.

निवड करताना विचारावयाचे प्रश्न

१. आधीच हाताशी असलेली विनामूल्य साधने (उपकरणाची, राउटरची आणि प्रत्येक मंचाची) पूर्ण वापरली आहेत का? बहुतेक घरांची गरज इथेच भागते.

२. कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे, माहिती कोठे साठवते आणि किती दिवस ठेवते? खाते बंद केल्यावर ती पुसली जाते का?

३. मुलाच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो का? दुहेरी पडताळणी बंद करावयास सांगितले जाते का? तसे असल्यास तिथेच थांबावे.

४. ॲप अधिकृत दुकानात उपलब्ध आहे का? ‘गूगल’च्या धोरणानुसार पालकांसाठीच्या देखरेख-ॲपने स्वतःला लपवू नये आणि वापरकर्त्याला सतत दिसेल अशी सूचना ठेवावी लागते. ‘मुलाला कळणारही नाही’ हे ज्या उत्पादनाच्या जाहिरातीचे वैशिष्ट्य आहे, ते टाळावे.

५. कुंपण आणि पाळत यांतले नेमके काय हवे आहे? संदेश वाचण्याची सोय बंद ठेवून केवळ वेळ आणि आशय यांवर मर्यादा घालता येते का?

६. वर्गणी आपोआप नव्याने आकारली जाते का, आणि ती रद्द करण्याची रीत सोपी आहे का?

वयाबरोबर सैल होणारे कुंपण

नऊ-दहा वर्षांपर्यंत नियंत्रण घट्ट असावे. स्वतंत्र फोनऐवजी घरातले सामाईक टॅब्लेट, निवडक ॲप, अनोळखी व्यक्तींशी गप्पा पूर्ण बंद. दहा ते तेरा या वयात वेळेची मर्यादा आणि ॲपसाठी परवानगी कायम ठेवून, ती का आहे हे सांगावे आणि आठवड्याचा वापर मुलाबरोबर बसून पाहावा. तेरानंतर भर नियमांकडून करारांकडे वळावा : रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर, ठिकाण कळवण्याची सोय दोन्ही बाजूंनी सुरू, संदेश खासगी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने पुढच्या वर्षी पुण्यात किंवा परदेशात वसतिगृहात राहायचे असते. तिथे कोणतेही ॲप पहाऱ्याला नसेल, म्हणून कुंपण घरात असतानाच टप्प्याटप्प्याने काढलेले बरे. गंभीर धोक्याची ठोस शंका असेल, तर तपासणी जरूर करावी. मात्र ती मुलाला सांगून आणि त्याच्यासमोर.

संकट आलेच तर

छायाचित्रांवरून धमकावले जात असल्यास पैसे देऊ नयेत आणि संभाषण पुसू नये. तो पुरावा असतो. गृह मंत्रालयाच्या बालसंरक्षण केंद्राचा मदत-क्रमांक ११६१११ असून, तातडीच्या प्रसंगी पोलिसांचा ९९९ आहे. दुबईत पोलिसांच्या ‘ई-क्राइम’ मंचावर ऑनलाइन तक्रार करता येते. १८ वर्षांखालील व्यक्तीचे नग्न छायाचित्र इंटरनेटवर पसरण्याची भीती असल्यास ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य आंतरराष्ट्रीय सेवा उपयोगी पडते. तीत छायाचित्र कोणाकडेही न पाठवता त्याची केवळ सांकेतिक खूण मंचांना दिली जाते. कुटुंब भारतात असताना आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

अशा प्रसंगी मुलाला पहिला प्रश्न ‘तू असे का केलेस?’ हा नसावा. ते सांगायला आले, हेच साऱ्या सॉफ्टवेअरने न साधलेले काम आहे. कंपनी निवडताना, मर्यादा आखताना आणि त्या सैल करताना ही एक गोष्ट जपली जाते का, एवढे पाहिले तरी नव्या कायद्याने पालकांकडून केलेली अपेक्षा बव्हंशी पूर्ण होईल.